प्लेट शाबूत होती: द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरच्या क्लच लिंकेजचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागाईतदाराचा हा ट्रॅक्टर. बावीस-चोवीस हॉर्सपॉवरच्या गटातला, अरुंद, नऊ फुटी ओळीत आरामात फिरणारा. मालकाला गावात सगळे नाना म्हणतात, तेच नाव इथे ठेवतो. कंपनी आणि मॉडेल मुद्दाम सांगत नाही, कारण इथे जे घडले ते या गटातल्या जवळजवळ कोणत्याही ट्रॅक्टरमध्ये घडू शकते.

बागेतल्या ट्रॅक्टरचे काम शेत नांगरणाऱ्या मोठ्या ट्रॅक्टरपेक्षा वेगळे असते. नांगरट करताना ड्रायव्हर एकदा गिअर टाकतो आणि लांब तास धरून जातो. ब्लोअर लावून फवारणी करताना मात्र प्रत्येक ओळीच्या टोकाला क्लच दाबायचा, वळण अपुरे पडले की रिव्हर्स टाकायचा, परत पुढचा गिअर. नानांच्या ट्रॅक्टरला सिंगल क्लच आहे. म्हणजे एकच पेडल चाकांची गतीही तोडते आणि पीटीओही (ब्लोअरसारखी अवजारे फिरवणारा मागचा शाफ्ट). टाकी भरताना, नोझल साफ करताना, पाइप अडकला तर, दर वेळी पाय क्लचवर जातो. मीटरवर तास कमी दिसले तरी क्लचच्या जोडणीने सोसलेले दाब कितीतरी जास्त असतात.

जोडणी तशी साधी आहे. पायाखालचे पेडल एका आडव्या शाफ्टवर बुशमध्ये (झीज सोसणाऱ्या नळीत) फिरते. पेडलच्या खालच्या कानाला पिनने एक योक (दोन कानांचा चिमटा) जोडलेला, योकमध्ये आटे असलेला रॉड, रॉडच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा योक आणि पिन, आणि तिथून क्लच हाउसिंगच्या बाहेर आलेला लिव्हर. लिव्हर फिरला की आतला फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटचे फिंगर (छोट्या भुजा) दाबते आणि क्लच प्लेट मोकळी होते. हाउसिंगच्या आतले काही पाहायचे तर ट्रॅक्टरचे मधोमध दोन भाग करावे लागतात. बाहेरचे सगळे फूटबोर्डखाली वाकून दिसते, आणि तरी सहसा कोणी वाकत नाही.

अडचण

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होऊन काही दिवस झाले होते. वेली तीन ते पाच पानांवर आलेल्या, परतीचा पाऊस अधूनमधून येत होता. द्राक्ष करणाऱ्याला यापुढे सांगावे लागत नाही. या अवस्थेत पान ओले राहिले आणि फवारणी चुकली, तर डाउनी (केवडा) हा बुरशीजन्य रोग घडापर्यंत पोहोचतो आणि वर्षाचे पीक तिथेच हातचे जाते.

ट्रॅक्टरचा गिअर पडेनासा झाला. पेडल तळापर्यंत दाबले तरी रिव्हर्सला खरखर आवाज यायचा, जोर लावला तर गिअर पडायचा पण ट्रॅक्टर झटका देऊन पुढे सरकायचा. पेडल दाबून धरले तरी ब्लोअरचा पंखा थांबत नव्हता. ड्रायव्हरने त्यावर स्वतःचा तोडगा काढला: ओळीच्या टोकाला इंजिन बंद करायचे, गिअर टाकायचा, मग चालू करायचे. हा तोडगा मला सर्वांत जास्त खटकला. गिअर पडलेला असताना इंजिन चालू केले आणि क्लच सोडत नसला, तर ट्रॅक्टर स्टार्टरच्या पहिल्या फिरकीलाच हलतो. बागेत त्या वेळी पुढे तारेचा खांब असतो, मजूर असतो, कधी घरातले पोर असते.

आधीचा इतिहास असा. उन्हाळ्यात पहिल्यांदा गिअर अडखळू लागला तेव्हा गावातल्या मिस्त्रींनी क्लच रॉड आवळून दिला. काम झाले. श्रावणात पुन्हा तेच, पुन्हा रॉड आवळला. ऑक्टोबरात तिसऱ्यांदा आवळायला गेले तर आटे संपलेले. मग मिस्त्रींनी निर्णय दिला की क्लच प्लेट गेली, ट्रॅक्टर उघडावा लागेल. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून खर्च वीस हजारांच्या घरात, आणि दोन-तीन दिवस ट्रॅक्टर उभा.

निदानातली विसंगती

नानांनी फोन केला तेव्हा मी एकच विचारले, "नाना, भरल्या टाकीने चढावर घेतला तर ओढतो का? इंजिन नुसते ओरडते आणि ट्रॅक्टर जागेवर, असे होते का?"

"ओढायला एक नंबर आहे. सोडायचेच नाव घेत नाही तो."

या उत्तरातच निम्मे निदान आहे. क्लच धरत नाही आणि क्लच सोडत नाही, या दोन उलट तक्रारी आहेत. प्लेटचे लायनिंग (घर्षणाचा थर) झिजले की क्लच धरत नाही, लोड आला की घसरतो, जळका वास येतो. शिवाय प्लेट झिजत जाते तसे फिंगर बेअरिंगकडे सरकतात आणि पेडलचा प्ले, म्हणजे जोर लागण्याआधीची मोकळी चाल, कमी होत जातो. नानांच्या ट्रॅक्टरमध्ये प्ले वाढत होता, म्हणूनच तर रॉड पुन्हा पुन्हा आवळावा लागत होता. झिजलेल्या प्लेटशी यातले काहीच जुळत नव्हते.

पण एवढ्यावर आतला भाग निर्दोष ठरत नाही. प्लेट वाकडी झाली, इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर गंजून अडकली, फ्लायव्हीलमधले पायलट बेअरिंग जाम झाले, फिंगरची उंची कमीजास्त झाली किंवा फोर्क शाफ्टवर ढिला झाला, तरी क्लच सोडत नाही. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरची प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते, हेही दरवर्षी पाहायला मिळते. म्हणून ठरवले की दोष हाउसिंगच्या बाहेर आहे की आत, हे मोजून पाहायचे आणि मगच पाना हातात घ्यायचा.

तपासणी

ट्रॅक्टर सपाट जागेवर, इंजिन बंद, चावी काढलेली, गिअर न्यूट्रल, चाकांना पुढे-मागे दगड. पेडलवर नानांचा पुतण्या बसला, मी पट्टी आणि खडू घेऊन खाली.

पेडल हाताने हलवून पाहिले. जोर लागेपर्यंत साधारण ४० मिलिमीटर मोकळे जात होते. पुस्तिकेत २० ते ३० लिहिलेले. जास्त होते, पण घाबरावे एवढे नाही. बरेच जण तपासणी इथेच थांबवतात, आणि खरी झीज हाताला कळतच नाही.

मग पुतण्याला पूर्ण पायाने, रोजच्यासारखा, पेडल तळापर्यंत दाबायला सांगितले. पेडलच्या वरच्या आणि खालच्या भुजेची लांबी मोजून हिशेब केला, तर खालचा कान २२ मिलिमीटर सरकायला हवा होता. प्रत्यक्षात सरकला १९. रॉडवर खडूची खूण केली होती, ती सरकली साडेसोळा. आणि हाउसिंगजवळच्या लिव्हरचे टोक सरकले जेमतेम १३.

पायाने दिलेल्या २२ मधले ९ मिलिमीटर वाटेतच हरवत होते, तेही एका जागी नाही, तीन जागी थोडे थोडे. यातले पहिले ३ मिलिमीटर सर्वांत फसवे. हाताने पेडल हलवताना ते दिसलेच नाहीत. पूर्ण पायाचा जोर आल्यावर पेडल शाफ्टवर तिरपे होत होते आणि खालचा कान मागे ओढला जात होता. डोके खाली घालून, पेडल दाबलेले असताना पाहिले तेव्हाच ते डोळ्यांना दिसले.

रॉड सोडवला. पिना हातात आल्या तर मूळच्या १२ मिलिमीटरच्या पिनेला मधोमध खळगा पडून ती एका बाजूने ११ च्याही खाली गेलेली, आणि योकची भोके लंबगोल. पिनांवर हिरवट-निळा थर होता. बोर्डो आणि इतर ताम्रयुक्त फवारण्यांचे तुषार, वरून गंधक, फवारणीनंतर प्रेशरने धुणे. तांब्याचे क्षार उघड्या लोखंडाला खातात आणि प्रेशरचे पाणी उरलेसुरले ग्रीस काढून नेते. पेडलच्या बॉसला (शाफ्टवर बसणाऱ्या जाड भागाला) ग्रीस निपल होता, पण त्यावर कधीतरी रंगाचा हात फिरलेला आणि त्यावर चिखल वाळलेला. ग्रीस गन लावली तर थेंब आत जात नव्हता. आतला बुश खालच्या बाजूने जवळजवळ संपलेला होता.

रॉड सुटलेला असतानाच हाउसिंगचा लिव्हर हाताने हलवला. सुरुवातीला थोडा मोकळा, मग एकसारखा कडक. अडखळत नव्हता, सैल फिरत नव्हता, म्हणजे फोर्क शाफ्टवर घट्ट होता. पहारीने लिव्हर पूर्ण ओढून धरला आणि ट्रॅक्टर मागून ढकलत गिअर टाकून पाहिला, तर गिअर लोण्यासारखा पडला आणि ट्रॅक्टर गिअरमध्ये असूनही ढकलला जात होता. क्लच सोडत होता. त्याला लागणारी चाल मिळाली की आतले सगळे आपले काम करत होते.

रॉड आवळण्याचा छुपा परिणाम

इथे थोडे थांबून सांगायला हवे, कारण ही गोष्ट अनुभवी ड्रायव्हरांनाही सहसा कोणी सांगत नाही. पेडलला जो प्ले ठेवायचा असतो, तो पायासाठी नसून बेअरिंगसाठी असतो. पेडल वर आले की रॉडने लिव्हर मागे ढकलायचा, बेअरिंग फिंगरपासून दूर व्हायचे, आणि इंजिन चालू असताना ते निवांत उभे राहायचे.

पिना झिजल्या की पायाला लागणारा प्ले हा त्या झिजेचा प्ले असतो. रॉड आवळून पायाखाली पुन्हा २५ मिलिमीटर आणले तरी पेडल वर येताना ती सगळी चाल ढिल्या भोकांमध्येच जिरते. लिव्हर मागे ढकललाच जात नाही. बेअरिंग फिंगरला टेकून राहते आणि इंजिन चालू असेल तेवढा वेळ फिरत राहते. बाहेरून मोजमाप बरोबर, आत बेअरिंग दिवसभर कामाला जुंपलेले. या लिव्हरला स्वतःची परत ओढणारी स्प्रिंग नव्हती. जिथे ती असते तिथे हा त्रास कमी होतो.

पर्याय

पहिला, ट्रॅक्टर उघडून क्लचचा सेट बदलणे. मोजणी झाल्यावर तो मागे पडला. नवा सेट टाकला असता तरी रॉड, पिना, बुश तेच राहिले असते आणि वीस हजार खर्चून गिअर तसाच खरखरला असता.

दुसरा, रॉड कापून आखूड करून वेल्डिंग मारणे. नानांचा कल याच्याकडे होता. तासाभराचे काम, संध्याकाळी फवारणी. मी त्यांना लंबगोल भोके दाखवली. "नाना, दोन आठवडे चालेल. मग मणी सेटिंगच्या वेळी परत इथेच उभे राहू." शिवाय आखूड रॉडवर पुढे कोणी नव्या पिना टाकल्या तर चाल गरजेपेक्षा जास्त होते आणि फिंगर फार खोल दाबले जातात. वेल्ड सुटला तर ओळीच्या मध्यात क्लचच नाही.

तिसरा, मूळ पार्ट मागवणे. विक्रेत्याकडे पिना होत्या, योक आणि पेडल बुश नव्हते. यायला आठवडा सांगितला.

चौथा, लेथवर पार्ट बनवून घेणे. तालुक्याच्या गावात चांगला लेथवाला आहे. योकची भोके गोल मोठी करून त्यात बुश ठोकायचे, पिना ईएन-८ या पोलादाच्या गजातून वळवायच्या, पेडलसाठी गनमेटलचा बुश. दीड दिवसाचे काम.

निर्णय खरे तर ट्रॅक्टरचा नव्हता, फवारणीचा होता. आभाळ भरलेले, शेवटची फवारणी होऊन दिवस झालेले. चौथा पर्याय योग्य आहे हे नानांना पटले होते, पण दीड दिवस थांबायची त्यांची तयारी नव्हती, आणि त्यांचे बरोबर होते. मग दोन्ही गोष्टी वेगळ्या केल्या. शेजारच्या बागाईतदाराचा ब्लोअर डिझेल आणि ड्रायव्हरच्या पैशावर त्या रात्रीच्या फेरीसाठी मागितला. त्यांनी आपली फवारणी उरकून रात्री आठनंतर दिला. एकदा बागेची काळजी मिटल्यावर ट्रॅक्टरला लागणारा वेळ देता आला.

साधे बोल्ट टाकून तात्पुरते चालवावे, हेही एकाने सुचवले होते. बोल्टचे आटे भोकात आले तर ते कानशीसारखे भोक खातात. अगदीच वेळ आली तर आटे नसलेला सरळ दांडा पूर्ण भोकात बसेल असा लांब बोल्ट घ्यावा. इथे ती वेळ आली नाही.

काम

पेडल काढल्यावर शाफ्टचाही प्रश्न निघाला. बुश झिजला तसा शाफ्टही खालच्या अंगाला खाल्ला गेला होता, नखाला खाच लागत होती. नवा शाफ्ट वळवायचा तर आणखी एक दिवस, आणि ब्रेकची पेडलेही त्याच शाफ्टवर असल्याने ती सोडवावी लागणार. शाफ्ट अडकवणारी पिन आरपार भोकातून होती, म्हणजे तो अर्धा फेरा फिरवून बसवता येत होता. तसेच केले: न झिजलेली बाजू जोराकडे आणली आणि नवा बुश तिच्या मापाने बोअर करून घेतला. हा हंगामापुरता इलाज आहे, हे नानांना त्याच वेळी सांगितले.

बुशमध्ये ग्रीसचे भोक निपलच्या बरोबर समोर येईल असे पाडले. हे क्षुल्लक वाटते, पण बुश ठोकताना भोक जुळले नाही तर निपलमधून कितीही ग्रीस मारा, ते बाहेरच येते. पिनांना नवे वॉशर आणि स्प्लिट पिना घातल्या. जुन्या जागी एका ठिकाणी वाकवलेला खिळा होता. रॉडला दोन्ही टोकांना पुरेसे आटे मिळतील असे जोडून पेडलचा प्ले २५ मिलिमीटर ठेवला, चेक नट आवळला.

मग पुन्हा तीच मोजणी, तोच पुतण्या, तोच जोर. लिव्हरच्या टोकाला चाल मिळाली साधारण २१ मिलिमीटर. लिव्हरला हाताने हलवले तर रॉड जोडलेला असतानाही बारीकशी मोकळीक लागत होती, म्हणजे बेअरिंग सुटले होते. इंजिन चालू करून पेडल दाबले, थोडे थांबून रिव्हर्स टाकला. आवाज नाही. पीटीओ पेडल दाबल्यावर क्षणभर फिरून थांबला.

निकाल

पुढची फवारणी नानांच्याच ट्रॅक्टरने झाली. लेथ, साहित्य, मजुरी आणि शेजाऱ्याला दिलेले पैसे धरून खर्च चार हजारांच्या आत राहिला.

एक गोष्ट मात्र शिल्लक होती. पेडल हलके दाबले की आतून बारीक घर्रर्र आवाज येत होता. रिलीज बेअरिंग उन्हाळ्यापासून टेकून फिरले होते, त्याची किंमत कुठेतरी निघणारच. ते बदलायचे तर ट्रॅक्टर उघडावाच लागतो. हंगामात उघडायचा नाही, आवाज वाढला किंवा खडखड झाली तर थांबायचे, असे ठरवले. नानांनी ड्रायव्हरला पेडलवर पाय टेकवून चालवायची सवय मोडायला लावली. बेअरिंगने हंगाम काढला.

एप्रिलमध्ये, पीक निघाल्यावरच्या खरड छाटणीआधी, ट्रॅक्टर उघडला. बेअरिंग हातात घेऊन फिरवले तर कोरडे, दाणेदार. ते बदलले, पेडल शाफ्टही नवा टाकला. ऑक्टोबरात गेली म्हणून जाहीर झालेली प्लेट मोजली. रिव्हेटवर लायनिंग भरपूर होते. तीच परत बसवली.

वेगळे काय करता आले असते

उन्हाळ्यात रॉड पहिल्यांदा आवळला तेव्हाच प्ले का वाढला हे विचारायला हवे होते. प्लेट झिजून प्ले कमी होणे नेहमीचे आहे. तो वाढला तर जोडणीत कुठेतरी लोखंड झिजते आहे. त्या वेळी दोन पिना आणि निपलची सफाई एवढ्यावर काम भागले असते, बेअरिंगही वाचले असते. गावच्या मिस्त्रींना दोष देऊन उपयोग नाही. त्यांना गिऱ्हाईक सांगते, "जरा आवळून द्या, गाडी उभी आहे." तेवढ्याचेच पैसे देते आणि निघते.

शाफ्ट फिरवून बसवण्याबद्दल माझ्या दोन सहकाऱ्यांचे मत वेगळे होते. ब्रेक त्याच शाफ्टवर असल्याने तो लगेच बदलायला हवा होता, असे ते म्हणतात. खाच अर्धा मिलिमीटरपेक्षा कमी होती आणि ब्रेकच्या बाजूचा शाफ्ट व्हर्निअरने मोजून एकसारखा मिळाला, म्हणून मी ते केले. खाच खोल असती किंवा ब्रेकच्या बाजूलाही असती, तर दुसऱ्या दिवसाचाही ब्लोअर भाड्याने घेऊन शाफ्ट बदलणे हाच मार्ग होता.

बागेतल्या ट्रॅक्टरसाठी ग्रीसचे वेळापत्रक फवारणीशी जोडावे, असे माझे ठाम मत या प्रकरणाने झाले. नाना आता ताम्रयुक्त फवारणीनंतर ट्रॅक्टर धुतला की पेडल निपलला ग्रीसचे दोन झटके मारतात आणि योकच्या पिनांवर तेल सोडतात. छाटणीच्या आधी, वर्षातून दोनदा, पुतण्या पेडल दाबतो आणि नाना पट्टी घेऊन लिव्हरची चाल मोजतात. २१ चा आकडा फूटबोर्डच्या आतल्या बाजूला रंगाने लिहून ठेवला आहे. चाल १८ च्या खाली आली तर रॉड न आवळता पिना काढून बघायच्या, असे ठरले आहे.